आठ मिलिमीटरची खाच

गेले दोन शनिवार लेख चुकला. कारण सांगितलं तर तुमच्यातले निम्मे हसतील. मी भोसरीत मामाच्या शेडमध्ये पोलादी शाफ्टला खाच पाडायला शिकत होतो.

झालं असं. मामाचा छोटा जॉबवर्कचा धंदा आहे. एक लेथ, एक जुनं हाताने चालवायचं मिलिंग मशीन, एक ड्रिल, आणि दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेलं सेकंडहँड व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग. शाफ्टला चावीची खाच (की-वे हो, पुली शाफ्टवर फिरू नये म्हणून जी चौकोनी चावी बसवतात तिची खाच) पाडायचं काम त्याच्याकडे सतत असतं, आणि ते सगळं जुन्या मशीनवर मेस्त्री करतात. मामा म्हणाला, "अरे, तू एवढा सॉफ्टवेअरवाला. शाफ्टचा व्यास टाकला की खाचेचा प्रोग्रॅम आपोआप तयार होईल असं काहीतरी करून दे ना. मग ते काम व्हीएमसीवर टाकता येईल, नवीन पोरगासुद्धा करेल."

मी म्हटलं, "एका दुपारचं काम आहे, मामा."

मामा हसला. "मग आधी एक खाच हाताने पाड. मेस्त्री शिकवतील. प्रोग्रॅम नंतर लिही."

माझा अहंकार दुखावला, पण गेलो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घासून एक चौकोन केला होता (तोही अर्धा मित्राने), त्यानंतर धातूशी माझा संबंध चमच्यापुरताच.

जॉब साधा होता. २५ मिलिमीटर व्यासाचा माइल्ड स्टीलचा शाफ्ट, त्यावर ८ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर खोल खाच, ४० मिलिमीटर लांब. मेस्त्रींनी शाफ्ट व्हाइसमध्ये बांधून दिला आणि म्हणाले, "करा, भाचेबुवा." मुद्दाम काहीही सांगितलं नाही.

माझं लॉजिक असं की खाच ८ ची, तर कटर ८ चा. ट्रेमध्ये दोन दातांचे आणि चार दातांचे कटर होते. जास्त दात म्हणजे जास्त चांगलं, म्हणून चार दातांचा घेतला. स्पीड? जास्त आरपीएम म्हणजे लवकर काम, म्हणून १८००. शाफ्टच्या टोकाकडून आत शिरायचं होतं. दोन मिलिमीटर खोली दिली आणि हँडल फिरवायला लागलो.

पहिल्यांदा किंचाळल्यासारखा आवाज आला. मी घाबरून हळू केलं, तर आवाज वाढला. मग धूर. कटरच्या कडा निळ्या पडल्या. कसंबसं ४० मिलिमीटर पार केलं, पुन्हा खोली दिली, पुन्हा तेच. शेवटी मोजलं तर रुंदी ८.०९, आणि खाच शाफ्टच्या मध्यापासून एका बाजूला सरकलेली. अशा खाचेला नेहमीच्या फिटसाठी ७.९६४ ते ८.००० एवढीच मुभा असते. आमच्या खाचेत चावी टाकली तर ती डुगडुगत होती. लोड आला की ती चावी रोज थोडी थोडी हलणार, कडा मारणार, आणि एक दिवस शाफ्टच वाया जाणार.

मेस्त्रींनी कटर हातात घेतला, निळ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कटर आंघोळीला गेला." मग शांतपणे माझ्या चुका मोजल्या. त्या इथे देतो, कारण पुढचा सगळा इतिहास ह्याच चुकांचा आहे.

एक, कटर स्वतःच्या नेमक्या आकाराची खाच कधीच पाडत नाही. तो अगदी थोडा हेलपाटत फिरतो, म्हणून खाच मोठी होते. दोन, पूर्ण रुंदीची खाच पाडताना कटरच्या एका बाजूचे दात धातूला पुढे ढकलतात, तर दुसऱ्या बाजूचे ओढतात. ह्या ओढाताणीत कटर आडवा वाकतो, म्हणून खाच सरकते. तीन, चार दातांमधल्या जागा अरुंद, त्यात कीस अडकतो. खाचेला दोन दातांचा कटर बरा. चार, स्पीड दुप्पट होता. पाच, घाबरून हळू फिरवलं की दात कापत नाहीत, नुसते घासतात, आणि घासलं की तापतात. सहा, आडव्या स्लाइडचं लॉक मी लावलंच नव्हतं. जुन्या मशीनच्या स्क्रूमध्ये प्ले असतो, तेवढं टेबल हळूच इकडेतिकडे होतं.

सहाच्या सहा चुका एका खाचेत. डिबगिंगचा एवढा शुद्ध अनुभव मला ऑफिसात कधी आला नाही :)

घरी येताना एकच प्रश्न डोक्यात होता. मिलिंग मशीन नव्हतं तेव्हा लोक ही खाच कशी पाडत? आणि हे मशीन केलं कुणी? मग दोन आठवडे दुसरं काही वाचलंच नाही. त्याचा हा वृत्तांत.

* * *

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. छिन्नी, हातोडा आणि कानस. छिन्नीने जास्तीचा धातू उडवायचा आणि मग कानशीने तासन्‌तास घासत चावी बसेपर्यंत जुळवायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांत सगळ्यात मोठी फौज होती ती कानसवाल्यांची. गोल फिरणारी दातेरी चकती घड्याळजींना सतराव्या शतकापासून माहीत होती, चाकांचे दात कापायला ते ती वापरत. पण ते पितळ, आणि काम नाजूक. लोखंडावर तेच करायची गरज पडली ती बंदुकांमुळे.

इथे शाळेतल्या पुस्तकांचा हीरो येतो, एली व्हिटनी. कापसातली सरकी वेगळी करायचं यंत्र करणारा तोच. १७९८ साली त्याने अमेरिकन सरकारशी करार केला, २८ महिन्यांत १०,००० बंदुका. १८०१ साली त्याने वॉशिंग्टनमध्ये मोठ्या लोकांसमोर बंदुकीचे भाग अदलाबदल करून दाखवले. सगळे चकित. शेवटची बंदूक पोचली जानेवारी १८०९ मध्ये, म्हणजे २८ महिन्यांचे साडेदहा वर्षं. (सॉफ्टवेअरवाल्यांनो, जरा बरं वाटलं ना? डेमो झकास आणि डिलिव्हरी आठ वर्षं लेट, ही परंपरा जुनी आहे.)

पुढे शंभर-दीडशे वर्षं सगळे मानत होते की अदलाबदल करता येणारे भाग व्हिटनीने आणले आणि मिलिंग मशीनही त्यानेच केलं. न्यू हेवनमध्ये एक छोटं मशीनही जपून ठेवलेलं होतं, "१८१८ सालचं, व्हिटनीचं" म्हणून. मग १९६० साली रॉबर्ट वुडबरी ह्या इतिहासकाराने ही दंतकथा तपासायला घेतली. पाठोपाठ स्मिथसोनियनच्या एडविन बॅटिसनने व्हिटनीच्या बंदुका प्रत्यक्ष उघडून पाहिल्या. आतले भाग एकमेकांत बसत नव्हते. कानशीने एकेका बंदुकीसाठी जुळवलेले, आणि सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांवर खुणासुद्धा केलेल्या. ते प्रसिद्ध मशीनही बॅटिसनच्या मते १८२५ नंतरचं, म्हणजे व्हिटनी वारल्यानंतरचं.

मग खरं काम कुणाचं? एकाचं नाही, हेच उत्तर. कनेक्टिकट राज्यात मिडलटाऊन नावाचं गाव आहे. तिथल्या सिमियन नॉर्थने १८१३ साली २०,००० पिस्तुलांचा करार केला आणि त्यात अट होती की कुठलाही भाग कुठल्याही पिस्तुलाला बसला पाहिजे. ही अट कानशीने पुरी होणं जवळजवळ अशक्य. १८१६ ते १८१८ च्या सुमारास त्याच्याकडे आणि त्याच गावातल्या रॉबर्ट जॉन्सनकडे मिलिंगची यंत्रं दिसू लागतात. ही माणसं एकमेकांच्या कारखान्यांत जात-येत होती, कारागीर नोकऱ्या बदलत होते, आणि कल्पना त्यांच्याबरोबर फिरत होती. पहिलं कमिट कुणाचं हे आता सांगता येत नाही, कारण लॉगच ठेवलेला नाही.

जिथे ही पद्धत पहिल्यांदा नीट जमली ती जागा म्हणजे हार्पर्स फेरी, व्हर्जिनियातला (आताचं वेस्ट व्हर्जिनिया) सरकारी शस्त्र कारखाना. जॉन हॉल नावाच्या माणसाने तिथे कापणारी यंत्रं, फिक्श्चर आणि गेज ह्यांची साखळी उभी केली. १८२७ च्या सरकारी अहवालाने मान्य केलं की त्याच्या रायफलींचे भाग खरोखर अदलाबदल होतात. हॉल अभिमानाने सांगायचा की आपली यंत्रं पोरंसुद्धा चालवू शकतात.

"नवीन पोरगासुद्धा करेल." मामाचं वाक्य आठवलं आणि मी वाचताना थबकलो.

कारण त्याच कारखान्यात दुसरी गोष्ट घडत होती. तिथले जुने कारागीर स्वतःला मजूर समजत नसत. आपल्या वेळेला यायचं, आपल्या गतीने काम करायचं, मधे शिकारीला किंवा शेतीला जायचं. यंत्रांबरोबर हजेरी, शिस्त आणि घड्याळ आलं. जानेवारी १८३० मध्ये इबेनेझर कॉक्स नावाच्या कारागिराने थॉमस डन ह्या नव्या कडक सुपरिंटेंडंटला त्याच्या ऑफिसातच गोळी घालून मारलं. कॉक्सला त्याच वर्षी फाशी झाली. पण मेरिट रो स्मिथ ह्या इतिहासकाराने १९७७ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे की कॉक्स तिथल्या कारागिरांत जवळजवळ लोकनायक झाला, आणि पुढे कुणी साहेब जास्त कडक वागला की त्याला कॉक्सचं नाव ऐकवलं जाई.

मी कॉक्सची बाजू घेत नाहीये, खून तो खूनच. पण मशीनच्या इतिहासात "उत्पादन वाढले" ह्या दोन शब्दांखाली काय काय दबलेलं असतं, ते त्या गोळीमुळे तरी नोंदलं गेलं.

* * *

पुढचा टप्पा व्हरमाँटमधल्या विंडसर गावचा. तिथे रॉबिन्स अँड लॉरेन्स नावाची कंपनी होती आणि तिच्यात फ्रेडरिक हाऊ नावाचा तरुण डिझायनर. १८४८ च्या सुमारास त्याने जड कामाला टिकेल असं मिलिंग मशीन केलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ह्या कंपनीच्या रायफली पाहून इंग्रज एवढे प्रभावित झाले की त्यांनी अमेरिकेत समिती पाठवली आणि लंडनजवळच्या एनफील्डच्या कारखान्यासाठी ह्या अमेरिकन मशीनांची ऑर्डर दिली. तिथे बनणार होती १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल. होय, तीच, जिच्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ चं प्रकरण पेटलं. इतिहासाच्या पेपरात आपण काडतुसाच्या चरबीवर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं, पण ती रायफल मशीनवर बनवता यावी म्हणून अटलांटिकपलीकडून मिलिंग मशीनं आणली जात होती, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

गंमत म्हणजे ज्यांनी मशीनं दिली ती रॉबिन्स अँड लॉरेन्स कंपनी बुडाली. तिने त्याच रायफलींचा २५,००० चा करार घेतला, वेळेत पुरा झाला नाही आणि १८५६ मध्ये दिवाळं. पण तिचं डिझाइन वाचलं. हार्टफर्डच्या जॉर्ज लिंकन कंपनीने १८५५ पासून त्याची सुधारलेली आवृत्ती विकायला सुरुवात केली. "लिंकन मिलर" म्हणून ते मशीन बंदुका, शिलाई मशीनं, सायकली असं जे जे धातूचं आणि पुष्कळ प्रमाणात लागायचं त्या सगळ्यांच्या कारखान्यांत जाऊन बसलं.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ही खाचेचीच आहे.

१८६१. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालेलं. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स टूल कंपनीत मस्केट बनत होते आणि वरचा तोच फ्रेडरिक हाऊ आता तिथे कामावर देखरेख करत होता. मस्केटमध्ये एक छोटी नळी असते, निप्पल, जिच्यावर फुटणारी टोपी बसवतात. तिला आरपार बारीक भोक लागतं. त्यासाठी ट्विस्ट ड्रिल हवं, म्हणजे आपलं नेहमीचं, अंगावर दोन पिळदार खाचा असलेलं. आणि त्या पिळदार खाचा, टूल स्टीलच्या बारीक कांबीवर, कामगार गोल कानशीने हाताने घासत बसले होते! सगळा कारखाना मशीनवर चालतोय, आणि त्या मशीनांना लागणारं ड्रिल मात्र कानसवाल्याच्या मनगटावर.

हाऊ गेला त्याच गावातल्या जोसेफ ब्राऊनकडे. ब्राऊन मुळात घड्याळजी, नंतर अचूक मोजपट्ट्या बनवणारा, ब्राऊन अँड शार्प कंपनीवाला. हाऊने विचारलं, ह्या खाचा मशीनवर पाडता येतील का? ब्राऊनने प्रश्न आधी मोठा केला आणि मग सोडवला. त्याने टेबल तिरकं करता येईल असं ठेवलं, आणि टेबल पुढे सरकवणारा स्क्रू गिअरांनी जॉब धरणाऱ्या डोक्याला जोडला. टेबल जसं सरकेल तसा जॉब ठरलेल्या प्रमाणात गोल फिरेल, आणि सरळ कापणारा कटर आपोआप पिळदार खाच पाडेल. गिअर बदला, पीळ बदलेल. त्याच डोक्याने वर्तुळाचे नेमके भागही पाडता येतात, म्हणजे गिअरचे दातही कापता येतात. ह्याला नाव मिळालं युनिव्हर्सल मिलिंग मशीन. पहिलं मशीन १४ मार्च १८६२ ला प्रॉव्हिडन्स टूल कंपनीलाच गेलं.

ह्याचं महत्त्व प्रोग्रॅमर लोकांना पटकन कळेल. कंपायलर जेव्हा स्वतःलाच कंपाइल करू लागतो तो हा क्षण. ह्या मशीनने ड्रिल होतं, कटर होतो, गिअर होतो, आणि ड्रिल, कटर, गिअर लावून पुढचं मशीन होतं. मामाच्या शेडमधलं जुनं मशीन त्याच घराण्यातलं आहे, टेबल तिरकं होतं आणि डिव्हायडिंग हेड कोपऱ्यात झाकून ठेवलेलं आहे.

पण कानशीने पीळ घासणारे ते प्रॉव्हिडन्सचे कामगार? नुसत्या नजरेने आणि बोटांनी एकसारखा पीळ उतरवणं म्हणजे काय कसब असेल, विचार करा. ब्राऊन आणि हाऊ ह्यांची नावं मी तुम्हाला सांगू शकलो. त्यांच्यातल्या एकाचंही मला कुठे सापडलं नाही.

* * *

माझी चौथी चूक आठवतेय? स्पीड. त्याचं उत्तर आज कुठल्याही वर्कशॉपच्या भिंतीवर तक्त्यात असतं. हायस्पीड स्टीलच्या कटरने माइल्ड स्टील कापायचं तर दाताची टोकं मिनिटाला साधारण २५ मीटर ह्या वेगाने धावावीत. कटर ८ मिलिमीटरचा, म्हणजे परीघ २५ मिलिमीटरच्या जरा वर. भागाकार केला की आले साधारण १००० आरपीएम. मी लावले होते १८००.

तो तक्ता फ्रेडरिक टेलर नावाच्या माणसाच्या हट्टातून आला. टेलर स्वतः फिलाडेल्फियात मशिनिस्टची उमेदवारी केलेला. १८८० पासून २६ वर्षं तो धातू कापण्याचे प्रयोग करत राहिला. त्याच्याच हिशोबाने ३० ते ५० हजार नोंदलेले प्रयोग, आणि ८ लाख पौंडांहून जास्त लोखंड-पोलादाचा नुसता कीस. बारा गोष्टी बदलायच्या, धातूचा कडकपणा, कापाची खोली, फीड, टूलचा आकार वगैरे, आणि प्रत्येकीचा परिणाम मोजायचा. ह्याच वाटेवर १८९८ नंतर त्याला आणि मॉन्सेल व्हाइटला बेथलेहेम स्टीलमध्ये एक शोध लागला. काही विशिष्ट पोलादं जवळजवळ वितळायच्या बेताला नेऊन तापवली तर त्यांची धार लालबुंद झाली तरी टिकते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी टोक लाल झालेलं टूल निळा कीस उडवत कापताना पाहिलं. हेच हायस्पीड स्टील. १९०६ मध्ये टेलरने हे सगळे प्रयोग मांडले, आणि बारा गोष्टींचं गणित चुटकीसरशी सोडवणारी खास स्लाइड रूलही त्याच्या सहकाऱ्यांनी, विशेषतः कार्ल बार्थने, केली.

टेलरला नुसतं जलद कापायचं नव्हतं. स्पीड-फीड ठरवायचं ज्ञान मशिनिस्टच्या डोक्यातून काढून ऑफिसातल्या कागदावर आणायचं होतं. ठरवणार ऑफिस, मशिनिस्टने फक्त करायचं. मॅनेजमेंटच्या पुस्तकांतला "सायंटिफिक मॅनेजमेंट" तो हाच.

त्या कागदाचं पुढे प्रोग्रॅममध्ये रूपांतर झालं. मिशिगनमधला जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याच्या वक्र आकाराचे साचे अचूक हवेत, म्हणून त्याने आयबीएमची पंचकार्डवाली हिशोबाची यंत्रं वापरून वक्रावरचे २०० बिंदू काढले. मग आकडे वाचून दाखवायचे आणि दोन माणसांनी एकेक हँडल त्या आकड्यावर न्यायचं. माणसांऐवजी कार्डांनीच हँडल फिरवलं तर? १९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाचं कंत्राट मिळालं, काम पुढे एमआयटीच्या प्रयोगशाळेत गेलं आणि १९५२ मध्ये कागदी टेपवरच्या छिद्रांवर चालणारं मिलिंग मशीन जगाने पाहिलं. सिनसिनाटी कंपनीचं मशीन, आणि त्याला जोडलेलं २९२ व्हॅक्यूम ट्यूबांचं कपाट. १९५९ मध्ये डग्लस रॉसच्या गटाने त्यासाठी एपीटी ही भाषा आणली आणि पत्रकारांना तिच्यावर कापलेले अॅल्युमिनियमचे अॅशट्रे वाटले.

ह्यातली कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की त्याच काळात दुसरा रस्ता होता. १९४६-४७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये "रेकॉर्ड-प्लेबॅक" करून पाहिलं होतं. कुशल मशिनिस्टने एक जॉब हाताने करायचा, त्याच्या हालचाली टेपवर रेकॉर्ड करायच्या, आणि मशीनने पुढे त्या परत परत वाजवायच्या. म्हणजे प्रोग्रॅमर कोण? मशिनिस्टच. हा रस्ता मागे पडला. डेव्हिड नोबल ह्या इतिहासकाराने १९८४ च्या पुस्तकात म्हटलं की तो मुद्दाम मागे पाडला गेला, कारण कंपन्यांना आणि लष्कराला शॉप फ्लोअरवर अवलंबून राहायचं नव्हतं. मला हे अर्धं पटतं. विमानाचे काही आकार हाताने पहिल्यांदाच करता येत नसतील तर रेकॉर्ड काय करणार? तिथे गणितच हवं. पण शाफ्टच्या खाचेला गणित कुठे लागतं? तिथे मेस्त्री पुरतो.

* * *

म्हणजे मी तिथे नक्की काय करत होतो, हे मला इतिहास वाचून कळलं. मी टेलरची स्लाइड रूल घेऊन शेडमध्ये शिरलो होतो.

दुसऱ्या शनिवारी मेस्त्रींनी सांगितलं तसं केलं. दोन दातांचा ६ चा कटर, १३०० आरपीएम. आडवी स्लाइड लॉक. मधोमध एकेक मिलिमीटरचे चार पास. मग लॉक सोडून डाव्या भिंतीला थोडं, उजव्या भिंतीला थोडं, प्रत्येक वेळी पुन्हा लॉक. प्ले खाऊन टाकायला हँडल नेहमी एकाच दिशेने आणायचं. शेवटचा हात फक्त शतांशांचा. मोजलं, ७.९८. चावी अंगठ्याच्या दाबाने अर्धी बसली, मग लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांनी पूर्ण. तो ठोक्याचा आवाज मी विसरणार नाही, खोटं कशाला बोलू.

मग रविवारी प्रोग्रॅम लिहिला. व्यास टाका, तक्त्यातून खाचेची रुंदी-खोली येते, कटर निवडतो, मध्य, डावी, उजवी, सगळे पास लिहून देतो. मेस्त्रींनी दोन शनिवारांत जे सांगितलं ते सगळं त्यात आलं. दोनशे ओळी. चाळीस वर्षांचे, असं मला लिहायचं होतं, पण ते खरं नाही. दोनशे ओळींत आलं ते एका खाचेपुरतं.

व्हीएमसीवर चढवायच्या आधी प्रिंटआउट काढून मेस्त्रींना दिला. चष्मा लावून त्यांनी एकेक ओळ वाचली. जी-कोड त्यांना चांगला येतो, हे मला तेव्हा कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही बंद खाच आहे ना? टोकाला उघडत नाही?"

"हो."

"मग इथे कटर वरून सरळ खाली जातोय. आणि कटर कुठलाही चालेल म्हणता. पोरग्याने चार दाती, मधे भोक असलेला लावला तर? तो मधे कापतच नाही. मधला धातू तसाच राहणार आणि वरून मशीन दाबणार."

म्हणजे कटर तुटणार, किंवा त्याहून वाईट. मी ती केस तपासलीच नव्हती, कारण हाताने केलेल्या माझ्या दोन्ही खाचा टोकाला उघड्या होत्या. मी कटरच्या प्रकाराची सक्ती टाकली, आणि सरळ उतरण्याऐवजी खाचेच्या लांबीत उतरतीने शिरायची सोय केली. मेस्त्रींनी पुन्हा वाचलं आणि मान हलवली.

चहा पिताना मी शेवटी विचारलं. "मेस्त्री, हे काम आता व्हीएमसीवर जाणार. तुम्हाला काय वाटतं?"

"वाटायचं काय त्यात," ते म्हणाले. "खाचा पाडून पाडून कंटाळा आला होता, साहेब." (पहिल्यांदाच साहेब. मला तेवढं बरं वाटलं नाही.) थोडं थांबून म्हणाले, "पण नवीन पोरग्याला दोन महिने जुन्या मशीनवर ठेवा म्हणावं मामांना. नाहीतर प्रोग्रॅम चुकला तर त्याला कळणार कसं?"

मी हे मामाला सांगितलं. मामाचा विचार जुनं मशीन भंगारात द्यायचा होता, जागा अडते म्हणून. हिशोब त्याचाही चुकीचा नाही, शेडचं भाडं आणि कर्जाचा हप्ता माझ्या खिशातून जात नाही. बराच वेळ बोललो. हार्पर्स फेरी, प्रॉव्हिडन्स, सगळं सांगितलं. ते त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याला पटली ती बंद खाचेची गोष्ट. "एक कटर आणि एक स्पिंडल वाचला म्हणायचा," म्हणाला. मशीन सध्या राहतंय. पुढच्या महिन्यात येणारा पोरगा आधी त्यावर बसेल.

ऑफिसात आता माझ्या शेजारीही एक व्हीएमसी येऊन बसलंय. मी दोन ओळीत सांगतो आणि ते कोड लिहून देतं. चांगला लिहितं, बऱ्याचदा माझ्याहून नीट. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना सुरुवातीपासून त्याच्यावरच बसवतात. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी म्हणणार आहे की त्यांना पहिले दोन महिने हाताने लिहू द्या. ऐकतील की नाही माहीत नाही. बंद खाचेसारखं एखादं उदाहरण घेऊन गेलं पाहिजे, इतिहास सांगून चालणार नाही, एवढं मामाने शिकवलं.

असो. ती ८.०९ वाली पहिली खाच मी घरी आणली आहे. टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवली आहे. बायको विचारते, ह्या तुकड्याचं काय करायचं? सध्या तरी काही नाही.